पावडर मोकळी राहावी म्हणून

आमच्या घरात तेव्हा दोन प्रकारचं पाणी असायचं. एक माझं आणि आईचं, माठातलं, हवं तेवढं प्यावं असं. दुसरं नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, निळ्या झाकणाच्या बाटलीतलं. त्या बाटलीवर आईने माझ्या नेलपॉलिशने रेघा मारल्या होत्या. सकाळच्या गोळ्यांपुरतं इथपर्यंत, दुपारच्या जेवणापर्यंत इथवर, आणि शेवटची रेघ संध्याकाळची. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात माणसाला मोजून पाणी द्यायचं म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. आई नानांसमोर कधी पाणी प्यायची नाही. तहान लागली की बाहेरच्या खोलीत जाऊन, पाठ फिरवून प्यायची आणि तोंड पुसून परत यायची.

आम्ही दीपनगरच्या कॉलनीत राहत होतो, पहिल्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये. वीज केंद्राची घरघर दिवसभर चालायची. आम्हाला ती ऐकू येत नसे, पाहुण्यांना यायची. कोळशाच्या वॅगन एकमेकींवर आदळल्याचा आवाज आला की आई भाकरी थापता थापता म्हणायची, ‘आली बघ गाडी.’ नाना तिथे कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर फिटर होते. उंच, रुंद खांद्याचे, चालताना जिना हलवणारे. ब्लडप्रेशर नावाची गोष्ट त्यांना वर्षानुवर्षं होती आणि ती कुणी मोजलीच नव्हती. मोजली तेव्हा दोन्ही किडन्यांनी बरंचसं काम सोडून दिलेलं होतं. मग हलकं काम म्हणून त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, आणि दर मंगळवारी नि शुक्रवारी जळगावला डायलिसिस सुरू झालं. मी भुसावळच्या कॉलेजात बारावीला होते. सुट्टी असली की मीही सोबत जायचे.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मॅडमनी एक छापील कागद दिला होता. तो आईने ओट्यावरच्या फरशीला पिठाच्या खळीने चिकटवला. काय चालेल ते डावीकडे, काय चालणार नाही ते उजवीकडे, आणि उजवी बाजू म्हणजे आमचं सगळं स्वयंपाकघरच होतं. केळी बंद. केळीच्या मुलखात, जिथे शेजारचा माणूस हातात फणी दिल्याशिवाय निरोप देत नाही, तिथे नाना केळी नाही म्हणायला शिकले. शेंगदाणे बंद, सुकं खोबरं बंद, म्हणजे काळ्या मसाल्याची शेवभाजी गेली. उडीद गेले, म्हणजे कळण्याची भाकरी गेली. बटाटा चिरून गरम पाण्यात तासभर भिजवायचा आणि ते पाणी फेकायचं. दूध दिवसाला अर्धी वाटी, तेही नसलं तर बरं. वैशाखातल्या पौर्णिमेला विहारातून खीर यायची, ती आईने दारातूनच शेजारी दिली.

आई सातवी शिकलेली. पण तो कागद तिला परीक्षेच्या पोरासारखा पाठ होता. दोन पातेली, दोन चमचे, नानांची भाजी वेगळी. जेवणासोबत चावायच्या गोळ्या ती ताटातच ठेवायची, मिठाच्या जागी. पोटॅशियम आणि फॉस्फरस हे शब्द ती आधी नीट म्हणू शकत नव्हती, तरी कशात किती जास्त ते तिला माहीत होतं. माझी चाळिशी कधीच ओलांडली, शेकडो घरांतली स्वयंपाकघरं मी ऐकून ऐकून ओळखते, पण तिच्याइतकं काटेकोर पथ्य सांभाळणारी बाई मी फार थोडी पाहिली.

एकच गोष्ट नानांना जमेना. चहा. दुधाशिवायचा चहा त्यांनी दोन दिवस घेतला, तिसऱ्या दिवशी कप तसाच ठेवला आणि म्हणाले, ‘हे काय, पट्ट्यावरचं पाणी पाजतेस?’ त्यावर उपाय आणला अक्कांनी. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, एरंडोलजवळच्या खेड्यात राहायची. नानांची आई लवकर गेली, तेव्हा अक्कांनीच त्यांना कडेवर वाढवलेलं. त्यांचा मुलगा सुरतेला एका कंपनीच्या कँटीनमध्ये होता. तिथल्या चहाच्या मशीनमध्ये घालायची पांढरी पावडर तो मोठ्या पाकिटातून आणायचा. त्यात दूध अजिबात नाही, असं त्याने सांगितलं आणि पाकिटावरही तसंच लिहिलेलं होतं. आईने कागद तपासला. दूध नको होतं, तर यात दूध नव्हतं. मग हरकत काय? नाना त्या दिवशी चहा पिऊन इतके खूश झाले की त्यांनी स्वतः कप विसळला. पुढे अक्का दर महिन्याला पाकीट पाठवू लागल्या.

त्यानंतर तीन-चार महिन्यांत नानांच्या अंगाला खाज सुटू लागली. पुरळ नाही, डाग नाही, नुसती खाज. ते खुर्चीच्या पाठीला पाठ घासायचे, कंगवा घेऊन पोटऱ्या खाजवायचे. करकर करकर असा तो आवाज. वीज केंद्राची घरघर मला ऐकू यायची नाही, पण ही करकर मला अभ्यासाच्या पुस्तकातूनही ऐकू यायची. पाय दुखायचे, हाडं ठणकायची. आणि दर महिन्याच्या रिपोर्टात फॉस्फरसचा आकडा चढत होता. खाज त्यामुळेच, असं सांगून डॉक्टरांनी त्या चावायच्या गोळ्या वाढवल्या. तरी चढला.

त्या शुक्रवारी मी सोबत होते. अक्काही भावाला भेटायला थेट जळगावच्या दवाखान्यात आल्या होत्या. आहारतज्ज्ञ मॅडमनी रिपोर्ट बघितला, चष्मा काढला आणि आईला विचारलं, ‘बाई, खरं सांगा, तुम्ही यांना घरी काय देता?’

‘कागदावर आहे तेच देते, मॅडम.’

‘कागदावरचं दिलं असतं तर हे असं वाढलं नसतं. डाळ, दूध, काहीतरी चालू आहे. नवऱ्याची दया येते म्हणून देत असाल, पण त्यानं त्यांचंच नुकसान होतंय.’

पलीकडच्या बाकावर बसलेली चार माणसं ऐकत होती. अक्का मात्र उठून उभ्या राहिल्या. ‘मन्हा भाऊ कसा व्हता आन् कसा व्हई गया!’ त्या रडक्या आवाजात म्हणाल्या. ‘तू त्याले काय खावाले देस, ते तुलेच ठाऊक, शांता.’ नाना तेव्हा आत मशीनला जोडलेले होते. त्यांच्यापर्यंत हे पोचलंच नाही. आईने पदर खांद्यावर ओढून घेतला आणि ती भिंतीवरच्या हात धुण्याच्या चित्राकडे बघत राहिली.

बसमध्ये ती खिडकीशी बसली, भुसावळ येईपर्यंत रिपोर्टचा कागद पुन्हा पुन्हा उलगडत. दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःसाठी वेगळं शिजवणं बंद केलं. नानांची बिनमिठाची भाजी, तेवढीच भाकरी, तेवढंच पाणी. मी म्हटलं, ‘आई, तुला काय झालंय? तू का असं खातेस?’ तर म्हणाली, ‘माझ्यात वाढतं का बघू दे त्यांना.’ तिला वेड लागलं नव्हतं. तिला पुरावा हवा होता, आणि पुरावा म्हणून द्यायला तिच्याकडे स्वतःच्या शरीराशिवाय काही नव्हतं. मला त्या क्षणी मॅडमचा राग आला, अक्कांचा आला, आणि सर्वांत जास्त माझा आला, कारण दवाखान्यात मीही गप्प बसले होते. मी ठरवलं की हे शोधून काढायचं. नानांच्या पोटात फॉस्फरस जात होता तर तो कुठून तरी जात होता. हवेतून तर येत नव्हता.

मी फिजिक्सच्या जर्नलची उरलेली कोरी पानं काढली आणि आईला म्हटलं, पंधरा दिवस नाना तोंडात जे जे घालतील ते सगळं मी लिहिणार. आईच्या हातातलं लाटणं थांबलं. ‘म्हणजे तुलाही माझाच संशय?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘तुझा नाही हे मला त्यांना लिहून दाखवायचंय.’

तिने लाटणं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, ‘लिही. पाण्याच्या घोटासकट लिही.’

मी लिहिलं. सकाळी पोहे, किती, कशात. भाजीची दोन पाणी काढली की नाही. स्टोअरमध्ये डब्याबाहेरचं काही खाल्लं का, हे मी नानांना रोज विचारायचे आणि ते वैतागायचे. ‘फौजदार झालीस का?’ तरी सांगायचे. आठ दिवसांनी मी कागद आणि वही शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवली. भात डावीकडे होता. भाकरी, दुधी, वांगं, अंड्याचा पांढरा भाग, सगळं मापात. उजव्या बाजूचं काहीच नव्हतं. फक्त एक गोष्ट अशी होती की ती डावीकडेही नव्हती नि उजवीकडेही नव्हती. चहातली पावडर.

पाकीट फळीवर होतं. मी ते उचललं आणि मला पहिलं आश्चर्य वाटलं ते त्याच्या हलकेपणाचं. नवं पाकीट फोडून बारा दिवस झाले होते. दिवसाला तीन छोटे कप, कपाला दोन चमचे, माझ्या हिशेबाने ते अजून निम्मं भरलेलं हवं होतं, आणि तळाशी जेमतेम चार बोटं पावडर उरली होती. मी पाकीट उलटं केलं. मागे इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरांत घटक लिहिले होते. ग्लुकोज सिरप, तेल, मग स्टॅबिलायझर आणि कंसात ३४०. शेवटी अँटिकेकिंग एजंट, कंसात ३४१ आणि ५५१. नावं नव्हती, नुसते आकडे.

दुसऱ्या दिवशी मी ते पाकीट दप्तरात घालून कॉलेजात नेलं. केमिस्ट्रीच्या वाणी मॅडम प्रॅक्टिकलनंतर ब्युरेट धुऊन घेत होत्या. मी विचारलं, ‘मॅडम, अँटिकेकिंग म्हणजे काय?’

‘पावडर मोकळी राहावी म्हणून घालतात. हवेतला दमटपणा लागला की पिठूळ वस्तूच्या गुठळ्या होतात. तुझी आई मिठात तांदळाचे दाणे टाकते ना, तसलंच काम. का गं?’

मी पाकीट पुढे केलं आणि घरचं सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसले, कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं आणि टेबलाच्या कडेला टेकून पानं उलटू लागल्या. ‘५५१ म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड,’ त्या म्हणाल्या. ‘वाळूच्या कुळातलं. त्याचं तुला काही नाही.’ मग काही पानं मागे उलटली आणि थांबल्या. ‘३४१. कॅल्शियम फॉस्फेट.’

‘फॉस्फेट? म्हणजे फॉस्फरस?’

‘त्याचाच क्षार. पोटातल्या आम्लात विरघळतो. आणि हे वरचं ३४० बघ, पोटॅशियम फॉस्फेट.’

पोटॅशियम आणि फॉस्फेट. आमच्या फरशीवरच्या कागदाची अख्खी उजवी बाजू त्या दोन आकड्यांत होती. मॅडमनी मला स्टुलावर बसवलं आणि एक गोष्ट बजावली, ती मी आजही माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. त्या म्हणाल्या, ‘हे विष नाही हं. घालायला परवानगी आहे, तुझ्या-माझ्या किडन्या ते बाहेर टाकतात. धान्यातला फॉस्फरस बराचसा न पचता निघून जातो, असा घातलेला मात्र जवळजवळ सगळा रक्तात उतरतो. पण चमचाभर पावडरीत तो असून असून किती असणार? तुझे वडील ही खातात किती, ते आधी बघ.’

तेच तर मला कळत नव्हतं. घरी आले तेव्हा आई दळण आणायला गेली होती. नाना खुर्चीत होते. मी पाकीट त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, ‘नाना, ही इतकी लवकर कशी संपते?’

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं नाही. सहा फुटांचा माणूस, पण मान खाली घालून बसला. मग हळूच म्हणाले, ‘तोंडाला कोरड पडते गं. पाणी मागितलं तर तुझ्या आईचा चेहरा बघवत नाही. चमचाभर ही जिभेवर ठेवली की गोड लागते, बरं वाटतं. पेढा खाल्ल्यासारखं. दुपारी खातो, संध्याकाळी खातो. दूध नाही ना त्यात?’

‘दूध नाही. पण जे दुधात नको होतं, ते यात आहे.’ मी सगळं सांगितलं. आणि मग जे सांगायचं नाही असं आईने बजावलं होतं तेही सांगितलं. दवाखान्यात मॅडम काय म्हणाल्या, चार माणसांसमोर अक्का काय म्हणाल्या, आई इतके दिवस काय खातेय आणि का. नाना ऐकत गेले. आई जिना चढून आली, पिठाचा डबा तिने खाली ठेवला, तेव्हा नाना उठले, पाकीट घेऊन मोरीत गेले आणि उरलेली पावडर त्यांनी नळाखाली सोडली. ‘शांता,’ ते म्हणाले, ‘आजपासून गवती चहा. बिनदुधाचा.’ आईला काही कळेना. मी तिला सांगितलं, तेव्हा ती रडली वगैरे नाही. माठातून तांब्या भरून घेतला आणि तिथेच, नानांच्या समोर, गटागटा पाणी प्यायली.

पुढच्या महिन्यात मी कॉलेज बुडवून जळगावला गेले. वही, आणि अक्कांनी पाठवलेलं आणखी एक न फोडलेलं पाकीट, दोन्ही आहारतज्ज्ञ मॅडमच्या टेबलावर ठेवलं. आदल्या दिवसाचा रिपोर्ट त्यांच्यासमोर होताच. फॉस्फरस पूर्ण मापात नव्हता आलेला, पण पहिल्यांदाच खाली आला होता. मॅडमनी वहीची पानं उलटली, पाकिटाची मागची बाजू वाचली, मग उठून बाहेर आल्या. आई बाकावर बसली होती. मॅडम म्हणाल्या, ‘ताई, चहात काय घालता, हे मी विचारायला हवं होतं. मला सुचलं नाही. तुम्हाला बोलले ते चुकलं.’ बाकावर त्या दिवशी दुसरी माणसं होती, आधीचं बोलणं ऐकलेली नव्हती. तरी आई म्हणाली, ‘जरा मोठ्यानं म्हणा, मॅडम.’ आणि मॅडमनी खरंच मोठ्याने म्हटलं. मग पेन काढून त्या छापील कागदाच्या गठ्ठ्यावर, प्रत्येक कागदाच्या उजव्या बाजूला, स्वतःच्या हाताने एक ओळ लिहीत बसल्या: पाकिटातली पावडर आणण्याआधी मागचे आकडे दाखवावेत.

मी आता धुळ्याला आहारतज्ज्ञ म्हणून हेच काम करते. लोक पिशव्या भरभरून पाकिटं आणतात. परवा साक्रीकडच्या एक आजी विचारत होत्या, हे ३४१ म्हणे हाडापासून करतात, मग माझ्या एकादशीला कसं चालायचं? मी म्हटलं, बहुतेक खनिजापासून करतात, हाडांच्या राखेपासूनही होतं, आकड्यावरून ते कळत नाही. हिरवा ठिपका बघा. आणि तुमच्या किडन्या ठणठणीत आहेत, तेव्हा तुमचा प्रश्न श्रद्धेचा आहे, औषधाचा नाही. प्रत्येकाच्या ताटाचा प्रश्न वेगळा असतो, हे मी पुस्तकात नंतर वाचलं. आधी ते आमच्या ओट्यावर पाहिलं होतं.

राहिल्या अक्का. आई म्हणत होती, त्यांना काही सांगू नका, त्यांचं मन मोडेल. मलाही वाटलं जाऊ दे. नानांना मात्र ते मान्य नव्हतं. दिवाळीनंतर अक्का आल्या, हातात नवं पाकीट. नानांनी त्यांना खाटेवर बसवलं, आईला समोर बोलावलं आणि म्हणाले, ‘अक्का, शांतानी काहीच चूक नही. मीच चोरीन त्या पावडरनी फक्की मारत व्हतू. त्यामाच व्हतं ते.’

‘पन तीमा दूध नही शे ना?’ अक्का गोंधळून म्हणाल्या. ‘पोऱ्या तं सांगे, दूध नही शे.’

मी त्यांना समजावलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. हातातलं पाकीट त्यांनी खाटेवर ठेवलं. ‘मंग हाई बठ्ठं मन्हामुळे व्हयनं?’

‘तुम्हाला कुठे माहीत होतं, अक्का,’ आई म्हणाली. ‘मलाही नव्हतं. फळीवर तर मीच ठेवत होते.’

अक्का उठल्या आणि आईचे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या. ज्या भावाला कडेवर वाढवलं त्याला आपणच हे खाऊ घातलं, आणि बोल लावला तो या बाईला, हे एकदम अंगावर आलं असावं. आईने हात सोडवून घेतले नाहीत. एवढंच म्हणाली, ‘बसा. चहा टाकते. काळाच आहे पण.’ आम्ही चौघांनी तो काळा चहा घेतला. अक्कांनी तोंड वाकडं केलं आणि संपवला.

नाना त्यानंतर सहा वर्षं जगले. खाज गेली, पाय चालते झाले, स्टोअरमध्ये जात राहिले. मी बीएस्सी होऊन पुढे शिकायला गेले, तेव्हा मला स्टेशनवर सोडायला ते आले होते. किडन्या काही परत आल्या नाहीत. तसं कुणी आम्हाला सांगितलंही नव्हतं. पण ती सहा वर्षं आमच्या घराने लढून मिळवलेली होती.

तो काळा चहा घेतला त्या दिवशी अक्का संध्याकाळच्या बसने जाणार होत्या, गेल्या नाहीत. आई भाकरीसाठी परातीत पीठ घेत होती, त्या शेजारी जाऊन बसल्या आणि मला हाक मारली. त्यांनी जन्मात कधी पाटी धरली नव्हती. नोटा रंगावरून ओळखायच्या. म्हणाल्या, ‘सुजा, माले वाचता येत नही. पन आकडा शिकता यी का?’

मी परातीतलं थोडं पीठ त्यांच्यासमोर पसरलं आणि पाकिटावर असतात तसे इंग्रजी आकडे बोटाने काढून दाखवले. आधी तीन. त्यांनी माझं बोट बाजूला सारलं आणि स्वतः काढला. तो उलटा आला. पुसला, पुन्हा काढला, पुन्हा उलटा. आई भाकरी थापायची थांबून बघत होती, नाना दारात येऊन उभे होते. पाचव्या-सहाव्या वेळी तो सरळ उमटला. अक्कांनी पिठाने भरलेलं बोट पदराला पुसलं, पाकीट डोळ्यांजवळ नेऊन त्या बारीक अक्षरांत तो आकडा शोधला, त्याच्यावर नख रोवलं आणि मान वर न करता म्हणाल्या, ‘हाऊ एक व्हयना. आते दुसरा सांग.’